गाडीतला एसी फिल्टर : ४०० रुपयांचं काम आणि ४,६०० रुपयांचं बिल



काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ त्यांच्या ९ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीला दमा आहे, गेली दोन वर्षं माझ्याकडेच उपचार चालू आहेत आणि तब्येत छान आटोक्यात होती. त्या दिवशी मात्र छातीत चांगलीच घरघर होती. रात्री दोन-तीनदा खोकल्याने जाग येत होती आणि शाळेत खेळाच्या तासाला ती बाजूला बसून राहत होती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "रोजचा पंप चालू आहे ना?"

वडील म्हणाले, "डॉक्टर, तीन आठवड्यांपूर्वी बंद केला. पण आम्ही मूळ कारणच दूर केलंय." असं म्हणून त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. मला वाटलं, कुठला तरी रिपोर्ट असेल. तो त्यांच्या गाडीच्या सर्व्हिसिंगचा कागद होता. केबिन फिल्टर १,१५० रुपये, एसी निर्जंतुकीकरण १,४०० रुपये, अँटीबॅक्टेरियल कोटिंग १,६०० रुपये आणि मजुरी ४५० रुपये. एकूण ४,६०० रुपये. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने जुना फिल्टर हातात धरून दाखवला होता आणि म्हणाला होता, "साहेब, ही घाण तुमच्या मुलीच्या फुप्फुसात जातेय."

कुठल्याही बापाने या वाक्यावर खिशात हात घातला असता. मीही घातला असता. राग मला ४,६०० रुपयांचा आला नाही. राग आला तो याचा, की त्या बिलाने दिलेल्या खोट्या दिलाशापोटी मुलीचं औषध बंद झालं.

म्हणून आज फुप्फुसांचा डॉक्टर असूनही गाडीच्या एका सुट्या भागावर लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. केबिन फिल्टर वेळेवर बदला, तो महत्त्वाचा आहे. पण त्यासाठी काही शे रुपयांपेक्षा जास्त खर्च करायची गरज बहुतेकांना नाही. आणि त्याला औषध तर अजिबात समजू नका.

केबिन फिल्टर म्हणजे नेमकं काय?

गाडीत हवेचे दोन वेगळे फिल्टर असतात आणि अनेकांचा इथेच गोंधळ होतो. एक असतो इंजिनाचा एअर फिल्टर. तो बॉनेटखाली असतो आणि इंजिनात जाणारी हवा गाळतो. त्याचा तुमच्या नाकाशी संबंध नाही. दुसरा केबिन फिल्टर, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट 'एसी फिल्टर' म्हणतात. पंख्यातून तुमच्या तोंडावर येणारी हवा तो गाळतो. बिलावर नुसतं 'एअर फिल्टर' लिहिलं असेल तर कुठला, हे विचारून घ्या.

केबिन फिल्टर म्हणजे घड्या घातलेल्या कागदासारख्या कृत्रिम धाग्यांच्या कापडाची एक चौकट. साधारण वहीच्या आकाराची. बस, एवढंच. यंत्र नाही, वायर नाही, सेन्सर नाही.

त्यात काय अडकतं? रस्त्यावरची धूळ, झाडांचा पालापाचोळा, किडे, फुलांचे परागकण, बुरशीचे काही बीजाणू. परागकण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे असतात. आपला केस ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे परागकण तसे मोठेच. चांगला साधा फिल्टर त्यातले बहुतेक अडवतो. पुण्यात राहणाऱ्यांना हे महत्त्वाचं आहे. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची आपल्या देशातली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली आणि त्याचे परागकण अनेकांच्या शिंकांना आणि त्वचेच्या त्रासाला कारणीभूत होतात.

खरी अडचण बारीक कणांची आहे. बातम्यांमध्ये जे 'पीएम २.५' ऐकता, ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. नाकातले केस आणि घशातला ओलावा यांना चकवून ते थेट फुप्फुसाच्या खोल भागात पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर इतकीच असावी असं सांगितलं. आपल्या देशाचं २००९ पासूनचं मानक ४० आहे. साध्या फिल्टरमध्ये या कणांपैकी काही अडकतात, सगळे नाही. दाट विणीच्या फिल्टरमध्ये जास्त अडकतात.

मग गाडीतली हवा किती महत्त्वाची?

हिशोब करून बघू. समजा तुम्ही रोज ये-जा मिळून दीड तास गाडीत असता. २४ तासांपैकी हे जेमतेम ६ टक्के. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, म्हणजे दीड तासात साधारण ५०० ते ७०० लिटर.

एका बाजूने पाहिलं तर उरलेले साडेबावीस तास तुम्ही घरची, ऑफिसची आणि रस्त्यावरची हवा घेता. तिथे उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, फोडणीचा धूर, ओल आलेली भिंत हे सगळं तसंच ठेवून गाडीत महागडा फिल्टर बसवणं म्हणजे छत्री धरून नदीत उतरण्यासारखं आहे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. नवले पुलावर किंवा चांदणी चौकात तुम्ही अडकलेले असता तेव्हा पुढच्या ट्रकचा धूर तुमच्या गाडीची हवा आत खेचणाऱ्या जाळीपासून काही फुटांवर असतो. तो तास-दीड तास हा दिवसातल्या सगळ्यात खराब हवेचा असू शकतो. म्हणून फिल्टरकडे दुर्लक्षही करू नका.

थोडक्यात, केबिन फिल्टर ही घरातल्या झाडूसारखी वस्तू आहे. ती हवीच. पण झाडू घेण्यासाठी कोणी कर्ज काढत नाही.

कधी बदलायचा?

तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत नेमकं लिहिलेलं असतं, तेच प्रमाण माना. बहुतेक गाड्यांसाठी ते १०,००० ते २०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, याच्या आसपास असतं. तुमचा रोजचा रस्ता मातीचा असेल, शेजारी बांधकाम किंवा मेट्रोचं काम चालू असेल, तर थोडा आधी. रविवारीच गाडी काढणाऱ्यांनीही वर्षातून एकदा पाहावा, कारण पावसाळ्यात दमट राहिलेल्या फिल्टरवर बुरशी धरू शकते.

माझ्या मते आपल्याकडे बदलण्याची उत्तम वेळ म्हणजे पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. ओल संपलेली असते आणि हिवाळ्यातल्या खराब हवेचे महिने पुढे असतात.

बदलायला झाला आहे हे सांगणाऱ्या खुणा अशा :

• पंखा ३ किंवा ४ वर ठेवला तरी हवेचा जोर कमी वाटतो, आवाज मात्र मोठा येतो.
• पावसात काचा लवकर धुरकट होतात आणि साफ व्हायला वेळ लागतो.
• एसी लावताच धुळीचा किंवा कुबट वास येतो.
• फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरला तर घड्यांमधून उजेड जवळजवळ दिसतच नाही.

काळा दिसला म्हणजे खराब झाला?

नाही! इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी गाडी सर्व्हिसिंगला दिली. तिथला तरुण मुलगा काचेच्या खोलीत येऊन मला फिल्टर दाखवू लागला, "सर, बघा किती काळा झालाय." मी क्षणभर घाबरलो. मग आठवलं, चारच महिन्यांपूर्वी मी स्वतः कार्बनचा फिल्टर बसवला होता. कार्बनचा फिल्टर नवा असतानाच राखाडी-काळा असतो, कारण त्यात सक्रिय कोळशाचा थर असतो. मी म्हटलं, "अरे, याच्या कडेवर पेनाने तारीख लिहिलीये बघ." त्याने पाहिली, हसला, आणि फिल्टर परत बसवून आला.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट असणार. आणि खरं सांगायचं तर आमच्या व्यवसायातही हे चालतं. धडधाकट माणसाच्या गळ्यात ६० तपासण्यांचं 'पॅकेज' मारणं आणि चार महिन्यांचा फिल्टर बदलायला सांगणं, यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे भीती विकली जाते. दोन्हीकडे उपाय एकच, शांतपणे विचारा : "हे का लागणार आहे? नाही केलं तर काय होईल?"

तारखेची युक्ती मात्र सगळ्यांनी उचला. नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेवर तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी बदलला की नाही, याचा पुरावा तुमच्याकडेच राहतो. आणि गॅरेजमध्ये बदलून घेत असाल तर जुना फिल्टर परत मागा.

कुठला घ्यायचा?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. किमती गाडीप्रमाणे कमी-जास्त होतात, पण साध्या छोट्या-मध्यम गाड्यांचा अंदाज देतो.

१. साधा फिल्टर. सुमारे २०० ते ५०० रुपये. धूळ आणि परागकणांसाठी. श्वसनाचा काही त्रास नसलेल्यांना हा पुरेसा आहे.

२. कार्बनचा फिल्टर. सुमारे ४०० ते १,००० रुपये. धुळीबरोबर डिझेलच्या धुराचा वास आणि काही वायू शोषतो. धुराच्या वासाने ज्यांचं डोकं चढतं, खोकला येतो किंवा दमा उफाळतो, त्यांनी हा घ्यायला हरकत नाही. पण कोळशाची शोषण्याची ताकद काही महिन्यांत संपते. नंतर तो साध्या फिल्टरसारखाच काम करतो. त्यामुळे 'कार्बनचा आहे, दोन वर्षं चालेल' हे खरं नाही.

३. 'हेपा' किंवा 'पीएम २.५' असं लिहिलेले दाट विणीचे फिल्टर. किंमत १,००० रुपयांच्या पुढे. खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. खोक्यावर 'हेपासारखा' लिहिणं सोपं असतं. शिवाय इतक्या दाट विणीतून हवा ढकलायला पंखाही तसा लागतो. तुमच्या गाडीचा पंखा त्यासाठी बनलेला नसेल तर हवेचा जोर कमी होतो. कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी असा फिल्टर दिला असेल आणि घरात कोणाला गंभीर आजार असेल, तर जरूर घ्या. नाही तर साधा किंवा कार्बनचा फिल्टर वेळेवर बदलणं हे महाग फिल्टर तीन वर्षं ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

"कंपनीचाच घ्यायचा का?" हा प्रश्न मला जेनेरिक औषधांसारखा वाटतो. जनऔषधी केंद्रात मिळणारी गोळी स्वस्त आहे म्हणून निकृष्ट नसते, घटक आणि दर्जा महत्त्वाचा. तसंच सुट्या भागांच्या दुकानात मिळणारा नावाजलेल्या उत्पादकाचा फिल्टर सहसा चांगलं काम करतो. फक्त दोन गोष्टी पाहा. एक, तो तुमच्याच मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा आहे का. दोन, तो जागेवर घट्ट बसतो का.

ही दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कोविडच्या काळात आपण सगळे शिकलो, की एन-९५ मास्क नाकाजवळ सैल असेल तर त्याचा उपयोग नाही, कारण हवा फटीतून जाते. फिल्टरचंही तेच. कडेला बोटभर फट राहिली तर १,५०० रुपयांचा फिल्टरही शोभेचाच. ऑनलाइन घेतलेला फिल्टर वाकवून, दाबून बसवावा लागत असेल, तर तो सरळ परत करा.

घरच्या घरी बदला, १० मिनिटांचं काम आहे

बहुतेक गाड्यांत हा फिल्टर डॅशबोर्डमधल्या डाव्या कप्प्याच्या, म्हणजे ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही गाड्यांत तो पायाजवळ किंवा बॉनेटखाली काचेच्या पायथ्याशी असतो. पुस्तिकेत चित्र असतं.

१. गाडी बंद करा, किल्ली काढा, पंखा बंद आहे याची खात्री करा. नाकावर मास्क लावा. अ‍ॅलर्जी किंवा दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्या.

२. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा. बाजूला छोटी दोरी किंवा दांडी अडकवलेली असेल तर ती सोडवा. मग कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरवा. जबरदस्ती करू नका, प्लास्टिक तुटतं.

३. मागे एक आडवी पट्टी किंवा झाकण दिसेल. त्याच्या खिट्ट्या दाबून ते काढा.

४. जुना फिल्टर हळूच सरळ बाहेर ओढा. त्याच्यावर बाण आहे, तो कोणत्या दिशेला आहे हे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फिल्टर झटकू नका, लगेच पिशवीत घाला.

५. आतल्या खाचेत पानं, किडे असतील तर ओलसर फडक्याने उचलून घ्या. उंदराच्या लेंड्या किंवा घरटं दिसलं तर कोरडं झाडू नका. जंतुनाशकाने ओलं करा, हातमोजे घालून काढा.

६. नव्या फिल्टरवर तारीख लिहा, बाण त्याच दिशेला ठेवून बसवा, झाकण लावा, कप्पा परत चढवा.

झालं. हे करणं जमत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला सांगा, "दादा, फिल्टर मी आणलाय, फक्त बसवून द्या." शंभर-दोनशे रुपयांत आनंदाने करून देतात.

एक सूचना. काही जुन्या किंवा अगदी सुरुवातीच्या मॉडेलमध्ये फिल्टर बसवलेलाच नसतो, फक्त जागा असते. कप्पा उघडल्यावर आत काहीच सापडलं नाही तर घाबरू नका. तुमच्या मॉडेलला चालणारा फिल्टर मिळतो का, ते दुकानात विचारा. हा खर्च खरोखर सार्थकी लागणारा आहे.

जुना फिल्टर धुऊन वापरला तर?

कागदी किंवा कापडी फिल्टर धुऊ नका. त्यातल्या धाग्यांवर बारीक कण ओढून घेण्यासाठी बऱ्याचदा स्थिर विद्युतभार दिलेला असतो, तो पाण्याने जातो. शिवाय आत ओल राहिली तर तुम्ही स्वतःच बुरशीला आमंत्रण दिलंत. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने धागे फाटू शकतात. पुस्तिकेत मधल्या सर्व्हिसला 'साफ करा' असं लिहिलं असेल तर मोकळ्या जागी हलकेच धूळ उडवून घेणं चालेल, पण ती मधली सोय आहे. धुता येणारे फिल्टर वेगळे मिळतात आणि त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

कशावर पैसे घालवू नका?

अँटीबॅक्टेरियल कोटिंग, दर सर्व्हिसला 'एसी ट्रीटमेंट', फवारणी : एसीला कुबट वास येत नसेल तर याची गरज नाही. वास येत असेल तर आधी फिल्टर बदला. तरीही येत असेल तर एसीच्या आतल्या थंड होणाऱ्या भागावर ओल साचून बुरशी झाली असेल किंवा पाणी बाहेर जाणारी नळी तुंबली असेल. तेव्हा तो भाग नीट साफ करून घेणं योग्य आहे. पुढे असं होऊ नये म्हणून एक फुकटचा उपाय करा : घर यायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, पंखा चालू ठेवा. आतली ओल सुकते.

गाडीतला परफ्यूम : कुबट वासावर सुगंध फवारणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फेकून देणं. उलट तीव्र सुगंधाने अनेकांचा दमा आणि अर्धशिशी उफाळते. माझ्याकडे असे कितीतरी रुग्ण आहेत ज्यांचा 'प्रवासातला खोकला' डॅशबोर्डवरची बाटली काढल्यावर थांबला. हा उपचार पूर्ण मोफत.

चार्जिंग सॉकेटला लावायची 'हवा शुद्ध करणारी' छोटी उपकरणं : यातली काही ओझोन वायू तयार करतात. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे. बंद गाडीत तर नकोच.

फिल्टर काय करू शकत नाही?

हा भाग कृपया घाईत वाचू नका.

कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कुठलाही केबिन फिल्टर अडवत नाही. साधा नाही, कार्बनचा नाही, हेपाही नाही. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद गॅरेजमध्ये किंवा बंद जागेत इंजिन चालू ठेवून, एसी लावून गाडीत झोपणं जीवघेणं ठरू शकतं. लांबच्या प्रवासात चालकाला डुलकी काढायची असेल तर गाडी मोकळ्या जागी लावा, इंजिन बंद करा, काचा थोड्या खाली घ्या.

गाडीत कोणी सिगारेट ओढत असेल तर फिल्टर काहीही करू शकत नाही. काच खाली करूनही नाही. मुलं मागे बसलेली नसतानाही नाही, कारण धुराचे कण सीटवर आणि कापडावर बसून राहतात.

आणि आतली हवा फिरवण्याचं ते बटण, गोल बाणाचं. ट्रकच्या मागे अडकलात, बोगद्यात आहात, कचरा जळतोय, अशा वेळी ते जरूर दाबा. बाहेरचा धूर आत यायचा थांबतो आणि बहुतेक गाड्यांत आतलीच हवा फिल्टरमधून पुन्हापुन्हा जाऊन स्वच्छ होते. पण चार माणसं बसलेली असताना ते तासभर चालू ठेवलं तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, जडपणा येतो, चालकाला पेंग येते. एक्सप्रेस वेवर हे परवडणारं नाही. म्हणून दर १५-२० मिनिटांनी दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा आत घ्या. बघा, या बटणाचा योग्य वापर फुकट आहे आणि तो कुठल्याही महाग फिल्टरइतकाच उपयोगी पडतो.

त्रास गाडीमुळेच होतोय, हे कसं ओळखायचं?

एसी लावल्यावर काही मिनिटांत शिंका, नाकाला खाज, खोकला सुरू होतो आणि गाडीतून उतरल्यावर कमी होतो, असं वारंवार होत असेल तर गाडीवर संशय घ्या. फिल्टर बदला, परफ्यूम काढा, सीट आणि पायपुसणी झटकून उन्हात घाला. दोन आठवडे निरीक्षण करा.

पण त्रास पहाटे होत असेल, पायऱ्या चढताना किंवा खेळताना दम लागत असेल, हसताना खोकला येत असेल, तर गाडीला दोष देऊ नका. तो दमा आटोक्यात नसल्याचा इशारा असू शकतो. त्याचं उत्तर गॅरेजमध्ये मिळत नाही. बोलताना दम लागणं, ओठ निळसर दिसणं, पंप घेऊनही आराम न पडणं, असं काही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

दमा, सीओपीडी, अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, लहान मुलं आणि वृद्ध यांच्या गाडीत फिल्टर वेळेवर बदलण्याबाबत जास्त काटेकोर राहा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी जुना फिल्टर हाताळू नये, कारण त्यावरच्या बुरशीचे बीजाणू त्यांच्यासाठी धोक्याचे असतात.

शेवटी, त्या मुलीकडे परत येऊ

मी तिच्या वडिलांना विचारलं, "खोकला कधी येतो?" ते म्हणाले, "रात्री. आणि धावल्यावर." "गाडीत?" थोडा विचार करून ते म्हणाले, "गाडीत... नाही येत. शाळा तर २० मिनिटांवर आहे." बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की फिल्टर बदललात हे चांगलंच केलंत, पण तो मुलीच्या श्वासनलिकेतली सूज कमी करत नाही. ते काम रोजच्या पंपाचं. पंप परत सुरू झाला आणि तीन आठवड्यांनी मुलगी स्वतःच सांगत होती, की धावण्याच्या शर्यतीत तिचा दुसरा नंबर आला. गंमत म्हणजे, त्या ४,६०० रुपयांत तिचा कित्येक महिन्यांचा पंप आला असता.

अजून एक गोष्ट मनात आहे, ती बोलून टाकतो. माझ्या दवाखान्यात गाडीतून येणाऱ्यांपेक्षा दुचाकीवरून, रिक्षातून, पीएमपीच्या बसमधून येणारे जास्त आहेत. वाहतूक पोलिस आणि रिक्षावाले काका दिवसभर त्याच चौकात उभे असतात. त्यांना कुठला फिल्टर बसवायचा? आपण काचा बंद करून आतली हवा गाळून घेतो, तेव्हा आपल्या गाडीचा धूर त्यांच्याकडे जात असतो. म्हणून फिल्टरवर वाचवलेल्या पैशांतून दोन कामं करा. पीयूसी नुसतं कागदापुरतं न ठेवता इंजिन खरोखर व्यवस्थित ठेवा, आणि सिग्नलला जास्त वेळ थांबायचं असेल तर इंजिन बंद करा.

थोडक्यात लक्षात ठेवा :

• केबिन फिल्टर वर्षातून एकदा किंवा पुस्तिकेप्रमाणे बदला. दिवाळीच्या आधी बदलणं उत्तम.
• बहुतेकांना साधा फिल्टर पुरेसा. धुराच्या वासाचा त्रास असेल तर कार्बनचा.
• किमतीपेक्षा तो घट्ट बसतो का, हे पाहा. बाणाची दिशा चुकवू नका.
• कडेवर तारीख लिहा. जुना फिल्टर परत मागा.
• परफ्यूम, कोटिंग, ओझोनची खेळणी नकोत.
• बंद जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत बसू किंवा झोपू नका.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नका. फिल्टर बदलला म्हणून तर नाहीच.

पुढच्या वेळी कोणी काळा फिल्टर तुमच्या डोळ्यांसमोर नाचवला तर शांतपणे म्हणा, "बदला, पण फक्त फिल्टर." आणि घरी आल्यावर कोणाचा पंप चालू आहे की बंद, ते एकदा बघा.